झेंडू कोणाचा?

पितृपक्ष लागला की आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पुण्याच्या आतेभावाचे, म्हणजे आम्हा सर्वांच्या दादाचे, एखादे दीर्घ निवेदन येतेच. यंदा त्याने लिहिले की हॉलीवूडला आज जे सुचते आहे ते आपल्याकडे शेकडो वर्षांपासून चालत आले आहे. मेक्सिकोत घडणारा ॲनिमेशनपट 'कोको' म्हणजे आपला पितृपक्ष, कोलंबियात घडणारा 'एन्कान्तो' म्हणजे आपले एकत्र कुटुंब, आणि 'कोको'त मृतांच्या जगाशी जोडणारा पूल बांधायलासुद्धा त्यांना आपला झेंडूच लागला. खाली पटापट अंगठे उमटले. मी मात्र त्या 'आपले'वर अडखळलो. २०२० च्या जनगणनेत ज्या शहराची जवळपास दोन तृतीयांश वस्ती हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांच्या मुळाची, निघाली, त्या टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत मी चौदा वर्षे राहतो आहे, आणि या विषयावर पुण्याहून शिकवणी घेण्याची माझी तयारी नाही.

झेंडूपासूनच सुरुवात करतो, कारण तो मूळचा मेक्सिकोचा आहे. तिथे त्याला सेम्पासुचिल म्हणतात, आणि दसऱ्याला आपण ज्याची तोरणे बांधतो तो समुद्र ओलांडून आपल्याकडे आलेला पाहुणा आहे. राहिला पितृपक्ष. त्या पंधरवड्यात आपण खरेदी टाळतो, लग्नाची बोलणी पुढे ढकलतो, आणि पान वाढून कावळा शिवेपर्यंत जीव टांगणीला लावून बसतो. इथे नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेला, मेक्सिकन 'दिआ दे लोस म्वेर्तोस' म्हणजे मृतांच्या दिवशी, सान फर्नांडो दफनभूमीत घडीच्या खुर्च्या येतात, थडग्यांवर फुले चढतात, एखादे कुटुंब मारियाची, म्हणजे मेक्सिकन गाणे-बजावणाऱ्यांचा ताफासुद्धा बोलावते. आपण पितरांना तृप्त करून त्यांच्या लोकी परत पाठवतो. हे लोक आपल्या मृतांना घरी बोलावतात. हा फरक किरकोळ नाही. 'कोको'चे दिग्दर्शक ली उन्क्रिच यांच्या आधीच्या कथेत एक अमेरिकन मुलगा मेक्सिकोतील नातेवाइकांकडे येऊन, वारलेल्या माणसाला मनातून सोडून द्यायला शिकणार होता. हे त्या सणाच्या अगदी उलट आहे, हे लक्षात आल्यावर ती कथा बाजूला ठेवावी लागली. २०१३ मध्ये डिस्नेने सणाच्या नावावरच व्यापारचिन्हाचा हक्क मागितला होता; लोक खवळले, अर्ज मागे घेतला गेला, आणि त्यावर बोचरे व्यंगचित्र काढणारे लालो अल्काराझ पुढे याच चित्रपटाचे सल्लागार झाले. ज्यांचा सण होता ते भांडले म्हणून चित्रपट सुधारला. त्या भांडणात आपण कुठेही नव्हतो.

'एन्कान्तो'तील अल्मा आजी दादाला आपल्या मालिकांतल्या करारी सासूसारखी वाटते. पण तीन तान्ही बाळे घेऊन गाव सोडताना नदीकाठी जिचा नवरा मारला जातो, तिच्या करारीपणामागे सोवळेओवळे नाही, पुन्हा घर गमावण्याची भीती आहे. अंतर्गत संघर्षात लाखो माणसे विस्थापित झालेल्या कोलंबियाची ती आजी आहे. शिवाय त्या घरात गोरी, सावळी, काळी नातवंडे एकाच पंगतीला बसतात आणि रंगाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. दादाने आपल्याच धाकट्या मुलासाठी दिलेली 'वधू पाहिजे'ची जाहिरात मी वाचलेली आहे.

आणि 'कोको'तले रिव्हेरा कुटुंब जोडे शिवते. चामड्याचा ॲप्रन गळ्यात पडला की मुलगा घराण्याचा वारस ठरतो, आणि कोणाच्याही मनात त्याची लाज नसते. हे घर 'आपलेच' म्हणणाऱ्या आमच्या गटावर चामड्याच्या धंद्याचे एखादे घर कोणाच्या ओळखीचे तरी आहे का, असे विचारावेसे वाटले. याच दादाची जुनी तक्रार आहे की हिंदी चित्रपटात मराठी माणूस दिसतो तो कामवाली बाई किंवा हवालदार म्हणूनच. तक्रार खरी आहे, मीही ती अनेकदा केली आहे. पण त्यात चित्रण खोटे असल्याचे दुःख किती आणि आपल्याला कोणी कामवालीचे समजेल याचे किती, हा हिशेब मी अनेक वर्षे टाळला.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात गारा पडल्या आणि आमच्या वसाहतीतली बहुतेक छपरे बदलावी लागली. आमच्या छपरावर कामगार चढलेले, आणि जुना टीशर्ट घालून मी ड्राइव्हवेत उभा असताना समोर नव्याने राहायला आलेल्या गृहस्थांनी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मला विचारले की त्यांच्या छपराची पाळी कधी येणार. हसून सोडून देता आले असते. मी म्हणालो, हे माझे घर आहे, आणि मी इंजिनिअर आहे. व्यवसाय त्यांनी विचारलाच नव्हता. शिडीवरच्या माणसाने एकदा खाली पाहिले आणि पुन्हा खिळे ठोकू लागला.

दुपारी ते सगळे माझ्या गॅरेजच्या सावलीत जेवायला बसले. शिडीवरचा तो माणूस मोबाइलवर व्हिडिओ लावून बोलत होता, आणि पलीकडून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज येत होता. मी थंड पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि आत निघून आलो. चौदा वर्षांत मी स्पॅनिश शिकलो नाही, त्यामुळे त्या काय विचारत होत्या ते मला कळले नाही. 'जेवलास का' असेच काहीतरी असणार, असे मी धरून चालतो.