फुगलेल्या बॅटरीत ‘फक्त हवा’ नसते

‘दुकानदार तुम्हाला हे कधीच सांगणार नाही’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. जुना लॅपटॉप स्वस्तात कसा मिळवायचा याचे सहा मुद्दे त्यात आहेत. आमच्या घरच्या ग्रुपवर आला तेव्हा मी न वाचताच सोडून दिला होता. परवा मामांचा फोन आला. मामेबहीण यंदा पॉलिटेक्निकला लागली, तिच्यासाठी त्यांनी पंधरा हजारांत एक ‘आय-सेव्हन’ (इंटेल कंपनीचा हा प्रोसेसर असलेला) जुना लॅपटॉप बघून ठेवलाय. बॅटरी थोडी फुगलीये म्हणून दुकानदार आणखी दोन हजार सोडायला तयार आहे. ‘मेसेजात दिलंय तसं घरीच हवा काढून टाकू,’ असं मामा अगदी सहज म्हणाले, आणि मग मात्र मी तो मेसेज ओळ न् ओळ वाचला.

चौथा मुद्दा आधी घेते, कारण बाकीच्या मुद्द्यांनी पैसे जातील, या मुद्द्याने घर पेटू शकतं. तो असा: ‘बॅटरी फुगली असेल तर घाबरू नका, घासाघीस करा. आत फक्त हवा असते. टाचणीने बारीक भोक पाडून हवा काढा आणि रात्रभर वर जड पुस्तकं ठेवा.’

लोकांच्या हाती हे असलं काही देताना लिहिणाऱ्याला काहीच कसं वाटलं नाही? लॅपटॉपच्या चपट्या बॅटरीत धातूच्या पातळ पट्ट्यांचे थर असतात आणि दोन थरांमध्ये केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा. सगळं भिजलेलं असतं ते इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे पेट घेणाऱ्या द्रावणात. बॅटरी म्हातारी झाली, फार तापली किंवा आत बिघाड झाला की हे द्रावण विघटित होतं आणि वायू साठत जातात: कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, काही हायड्रोकार्बन. यातले बरेचसे जळणारे. टाचणी आत गेली की पडदा फाटतो, दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, शॉर्ट होतो. त्या उष्णतेने शेजारचा थर तापतो, मग त्याच्या शेजारचा. ही साखळी एकदा सुरू झाली की घरातल्या माणसाच्या हातात फारसं काही उरत नाही. धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो, आणि तो श्वासनलिका नि फुप्फुसं भाजून काढतो. जड पुस्तकांच्या दाबानेही तोच पडदा फाटू शकतो.

फुगलेली बॅटरी ओळखायला लॅपटॉप खोलावा लागत नाही. बऱ्याच मॉडेलांत बॅटरी टचपॅडखाली आणि आपण तळहात टेकवतो त्या भागाखाली असते. दुकानाच्या काचेच्या काउंटरवर लॅपटॉप ठेवा आणि एका कोपऱ्यावर बोट दाबा. डुगडुगत असेल तर संशय घ्या. टचपॅडची एक कड वर आलीये का, दाबल्यावर तो नेहमीसारखा टक् वाजतो का, झाकण मिटल्यावर पुढे फट राहते का, हेही बघा. फुगवटा दिसला तर चार्जर लावू देऊ नका, मशीन बंद करायला सांगा. नवी बॅटरी बसवून देणार असेल तरच पुढची बोलणी. काढलेली बॅटरी घरी आणायची नाही आणि कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकायची नाही. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी २०२२च्या नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे.

फ्रीझरचा मुद्दाही याच जातीचा. ‘एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवली की बॅटरी नव्यासारखी होते.’ होत नाही. गेलेली क्षमता गारव्याने परत येत नाही. उलट शून्याखाली गारठलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावली तर आत लिथियम धातूचा थर चढतो, आणि तोही पुढे शॉर्टला कारण होऊ शकतो. बॅटरी किती उरलीये हे दुकानातच मोजता येतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘पॉवरसीएफजी’ लिहायचं, एक जागा सोडून स्लॅश देऊन ‘बॅटरीरिपोर्ट’ (powercfg /batteryreport). अहवालात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतात. पहिला ५०,००० आणि दुसरा २५,००० असेल तर बॅटरी अर्धी संपलेली आहे.

आता पहिला मुद्दा: ‘आय-सेव्हन म्हणजे आय-सेव्हन, नव्या आय-फाइव्हला कधीही भारी.’ यासाठी माझ्या शब्दावर जाऊ नका, इंटेलच्या स्वतःच्या साइटवर प्रत्येक प्रोसेसरचं पान आहे ते उघडा. मामांना दाखवलेल्या लॅपटॉपमध्ये आहे आय-सेव्हन ७५००यू: २०१६चा, दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), चार थ्रेड (एका वेळी हाताळता येणारे कामांचे धागे). आय-फाइव्ह ८२५०यू आहे २०१७चा: चार कोअर, आठ थ्रेड. दोघांनाही वीज १५ वॉटच. एका वर्षात खालच्या नावाच्या प्रोसेसरला दुप्पट कोअर मिळाले. स्टिकरवरच्या ‘सेव्हन’ला त्या त्या पिढीतच अर्थ आहे, म्हणून पुढचा पूर्ण नंबर विचारायचा. ७५०० म्हणजे सातवी पिढी, ८२५० म्हणजे आठवी.

आणि ही सातवी-आठवीची रेघ फार महागात पडते. विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या यादीत इंटेलचे प्रोसेसर, सातव्या पिढीतले मोजके अपवाद सोडले, तर आठव्या पिढीपासून सुरू होतात. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती ग्राहकांना दिलेली जादा मुदतही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतचीच. अशा वेळी ‘अपडेट बंद ठेवा, मशीन दहा वर्षं पळेल’ हा मेसेजातला सल्ला म्हणजे ज्या लॅपटॉपवरून फी भरायची, बँकेत लॉगिन करायचं, तोच उघडा टाकणं. ‘आम्ही विंडोज ११ टाकून देतो’ असं दुकानदार म्हणेल. पळवाटेने टाकता येतं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

मेसेजातला पुढचा मुद्दा: ‘बायोस पासवर्ड असेल तर आतला सेल काढा, जातो.’ बायोस पासवर्ड म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच मशीन मागतं तो. फार जुन्या मशीनमध्ये जायचा. कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये तो वीज नसतानाही टिकणाऱ्या चिपमध्ये असतो. पासवर्ड लागलेला लॅपटॉप चोरीचाही असू शकतो. घेऊच नका.

राहिला शेवटचा मुद्दा, कंपनीतून निघालेले लॅपटॉप दणकट असतात हा. हे बऱ्याच अंशी खरं आहे, मान्य करावंच लागतं. थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड किंवा एचपी एलिटबुक या मालिकांची बिजागरी आणि कीबोर्ड त्याच किमतीच्या नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा सरस असतात, आणि आठव्या पिढीचं असं मशीन, ८ जीबी रॅम नि एसएसडी असेल, तर शिकणाऱ्या मुलीला चालून जाईल. फक्त रॅमचे स्लॉट, म्हणजे रॅमची पट्टी बसवायच्या खाचा, किती ते विचारून घ्या. टी४८०मध्ये दोन स्लॉट आहेत, रॅम नंतरही वाढवता येते. दिसायला तसाच पण सडपातळ टी४८०एस घेतलात तर थोडी रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते आणि स्लॉट एकच.