'आम्हीही मार खाल्ला, आमनं काय बिघडनं?'

भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. सार असं: बापाने रुमण्याने झोडपलं, मास्तरांनी फोकाने, तरी आम्ही ठणठणीत. लहान पोर सगळं विसरतं. ट्रॉमा, म्हणजे मनाला बसलेला आघात, हे पुण्या-मुंबईचं खूळ. जुनं उकरू नका, देवाचं नाव घ्या, कामाला लागा. जळगाव-धुळ्याकडे शेवटी मथळ्यातली अहिराणी पुरवणीही लागते. एकेक मुद्दा घेऊ.

'आम्ही ठणठणीत.' असालही. पण जो चाळिशीतच दारूपायी गेला, तो फॉरवर्ड पाठवायला उरलेला नाही. 1998 साली फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी अमेरिकेत साडेनऊ हजार प्रौढांना बालपणीच्या सात प्रकारच्या आघातांबद्दल विचारलं: मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात व्यसन, आईला होणारी मारझोड वगैरे. चार किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांत दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, काहीच न सोसलेल्यांच्या 4 ते 12 पट निघाला. अर्थात ही कुणाची पत्रिका नव्हे. सोसूनही सावरलेले पुष्कळ असतात, आणि त्यांच्या लहानपणात बहुधा एखादी आजी किंवा मामा सापडतो, ज्याच्याकडे पळून जाता येत होतं.

'पोर विसरतं.' वयाच्या साधारण तिसऱ्या वर्षाआधीचे प्रसंग सांगता येत नाहीत, हे खरं. पण भीती शिकण्याचं काम मेंदूतला अमिग्डाला करतो आणि त्याला गोष्ट आठवावी लागत नाही. रात्री दाराची कडी वाजली की बाप पिऊन आला, एवढं त्याने एकदा टिपलं की झालं. पुढे पंचेचाळिशीच्या, केळीचा ट्रक भरून रात्री घरी टेकलेल्या माणसाच्या पोटात शेजारची कडी वाजली तरी गोळा येतो. खांदे वर चढतात, जबडा आवळतो आणि पाणी घेऊन आलेल्या बायकोवर तो विनाकारण खेकसतो. त्याला वाटतं, आपला स्वभावच तापट.

'शहरी खूळ.' गावात फक्त नाव वेगळं असतं. धडधड, पित्त, पहाटे तीनला तुटणारी झोप. ईसीजी नॉर्मल, एंडोस्कोपी नॉर्मल, मग 'बाहेरचं' म्हणून भगत. यात वर्षं जातात. 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारसूचीत दीर्घ आघातातून येणाऱ्या पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतर मागे उरणाऱ्या मानसिक आजाराची, वेगळी नोंद आहे. भीतीच्या नेहमीच्या लक्षणांसोबत तीन गोष्टी पाहतात: भावना न आवरणं, आपण कवडीमोल आहोत असं वाटणं, नाती न टिकणं.

'जुनं उकरू नका.' हा मुद्दा निम्मा बरोबर आहे. पहिल्याच भेटीत सगळं ओकायला लावलं तर माणूस आठवडाभर झोपत नाही आणि परत येत नाही. संमोहनाने 'दडलेली' आठवण काढून देतो म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहावं. सुचवून खोट्या आठवणी तयार होतात. नीट उपचारात आधी घडी बसवतात. दोन आठवडे वहीत चार रकाने: वेळ, आधी काय घडलं, अंगात काय झालं, किती मिनिटं टिकलं. धडधड सुरू झाली की तळपाय जमिनीला टेकवून चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने. हे जमू लागल्यावर आघातावरची सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारे बोलण्याचे उपचार) किंवा ईएमडीआर (डोळे डावी-उजवीकडे फिरवत आठवण हाताळण्याची पद्धत): साधारण 8 ते 16 बैठका, प्रत्येकी तास-दीड तास. आठवण पुसली जात नाही, ती आल्यावर अंग पेटणं कमी होतं. नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर परिणामाला चार-सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडणारे पुष्कळ. मेडिकलवरून आणलेल्या झोपेच्या गोळ्यांनी मात्र मूळ दुखणं तसंच राहतं आणि गोळीची सवय वर लागते.

नामस्मरण करणाऱ्याने जरूर करावं, श्वास संथ होतोच. पण हरिपाठ संपल्यावरही कडी वाजली की गोळा येत असेल, तर 14416 ही टेलिमानसची, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी फोन-मदतीची, मोफत सेवा मराठीतून चोवीस तास चालते. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे केसपेपर काढताना मानसोपचार ओपीडी विचारायची आणि ती चार रकान्यांची वही सोबत न्यायची.