सिस्टरनी फक्त सुई-गोळी बघावी म्हणे!

काकांना हार्ट अटॅक येऊन गेल्यापासून मावशीच्या फोनवर आरोग्यसल्ल्यांचा पूर आलाय. त्यातलाच एक तिने मला पाठवला आणि खाली भीत भीत विचारलं, ‘हे खरंय का गं?’ मेसेजचा सूर असा: नर्सिंगमध्ये हल्ली स्वप्रतिमा, लैंगिकता, अध्यात्म असली थेरं शिकवतात. सिस्टरनी सुई-गोळी बघावी. अटॅकनंतर पती-पत्नीसंबंध जन्मभर बंदच, मग विचारायचं काय? ऑपरेशननंतर पोटावर शौचाची पिशवी लागली तरी जीव वाचला ना? आणि अध्यात्म म्हणजे मागल्या दाराने धर्मप्रचार.

मी नर्सिंग शिकवते. त्यामुळे हे वाचून डोकं फिरलं, हे आधीच सांगते.

‘हल्ली’ हा शब्द तर सोडूनच द्या. रुग्णाची माहिती घेण्यासाठी नर्सिंगच्या अभ्यासक मार्जोरी गॉर्डन यांनी मांडलेले 11 गट कित्येक पिढ्या शिकवले जाताहेत. झोप, आहार, शौच यांच्याच रांगेत स्वप्रतिमा, लैंगिकता आणि श्रद्धा-मूल्यंही तिथे आहेत.

आता ती ‘जन्मभर बंदी’. ही कुठून आणली? अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 मध्ये नेमक्या याच विषयावर निवेदन काढलं. गुंतागुंत न झालेल्या अटॅकनंतर, हलक्या-मध्यम श्रमात त्रास होत नसेल, तर एका आठवड्यानंतरही संबंध ठेवायला हरकत नाही, असं त्यात आहे. श्रमाचा अंदाज हवा असेल तर भरभर चालणं किंवा दोन जिने चढणं. तेवढ्याने छातीत दुखत नसेल, फार धाप लागत नसेल, तर धोका कमी. बायपास झाली असेल तर छातीचं हाड नीट जुळेपर्यंत, साधारण 6 ते 8 आठवडे थांबायचं. एकूण हार्ट अटॅकपैकी संबंधांमुळे आलेले 1 टक्क्याहूनही कमी. अर्थात ज्यांचं दुखणं अजून आटोक्यात नाही, त्यांनी थांबायचंच. पण ते डॉक्टर तपासून सांगतील, फॉरवर्ड नव्हे.

आणि न विचारल्याने काय होतं? माणूस गप्प बसतो आणि स्वतःच उपाय शोधतो. ‘या गोळीनेच कमजोरी आली’ असं ठरवून हृदयाची गोळी परस्पर बंद करतो. त्याच निवेदनात स्पष्ट म्हटलंय की लैंगिक तक्रारीच्या धास्तीने जीव वाचवणारी औषधं रोखू नयेत. दुसरा प्रकार याहून भयंकर: छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी खिशात असताना कुणाच्या तरी सांगण्यावरून सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, घेतो. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब धाडकन कोसळतो, जीवही जाऊ शकतो. सिल्डेनाफिलनंतर 24 तास आणि त्याच जातीच्या टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट देत नाहीत. छातीत दुखतं म्हणून आलेल्या माणसाला सिस्टरनी हे विचारायचं नाही? आता सांगा, हे थेर की सुई-गोळीचंच काम?

यासाठी सिस्टरला सेक्सॉलॉजिस्ट व्हावं लागत नाही. मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी 1976 मध्ये मांडलेल्या पद्धतीत पहिली पायरी ‘विचारायला हरकत नाही’ एवढं जाणवू देण्याची, दुसरी मोजकी माहिती देण्याची. पुढचं तज्ज्ञांकडे.

पिशवीबद्दल थोडक्यात. जो रुग्ण स्वतःच्या स्टोमाकडे, म्हणजे ऑपरेशनने पोटावर काढलेल्या, पिशवी लावायच्या तोंडाकडे, बघायलाच तयार नाही, तो पिशवी बदलायला शिकणार कसा? ती नीट बसली नाही की गळते, भोवतालची कातडी सोलवटते. सिस्टर आरसा पुढे करते, हात धरून शिकवते, तेव्हा स्वप्रतिमेचंच काम चाललेलं असतं.

राहता राहिलं अध्यात्म. एक कबूल करावं लागेल: आपली श्रद्धा रुग्णाच्या गळ्यात मारणाऱ्या सिस्टर असतात, आणि ते चूकच. पण अभ्यासक्रम नेमका हेच करू नका म्हणून शिकवतो. रुग्णाला आधार कशाचा वाटतो, उपचारात त्यातलं काय सांभाळायचं, एवढंच विचारायचं. उत्तर ‘देव मानत नाही’ असलं तरी ते तितक्याच आदराने लिहून घ्यायचं.

आणखी एक अर्धसत्य: भर वॉर्डात, नातेवाईक उभे असताना असले प्रश्न विचारले तर माणूस शरमेने मेल्याहून मेला होतो. खरंय. म्हणून आधी पडदा ओढायचा, सगळ्यांना बाहेर काढायचं, ‘विचारू का?’ म्हणायचं, आणि तो नको म्हणाला तर तिथेच थांबायचं.