वुडस्टॉक फुकट नव्हते

रॉक संगीताविषयीचा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: रॉक हे बंडखोर तरुणांचे निर्मळ संगीत होते आणि त्याला पैशाचा स्पर्श नव्हता, अमेरिकेतल्या 1969 सालच्या वुडस्टॉक महोत्सवात सर्वांनी लाखो लोकांसाठी विनामूल्य कला सादर केली, पंडित रविशंकरांनीही बिदागी घेतली नाही, 1981 साली एमटीव्ही ही संगीतवाहिनी आली आणि मग कंपन्यांनी या संगीताचा बाजार मांडला, म्हणून खरा रॉक कलाकार पैसे मागत नाही. मला हा मजकूर माझ्या भाच्याने पाठवला. तो पुण्यात एका बँडमध्ये गिटार वाजवतो, आणि बिदागीचा विषय काढताच एका आयोजकाने हाच मजकूर त्या मुलांपुढे धरला होता. भाच्याला तो पटलाही होता, याचा मला अधिक राग आला.

सुरुवातीला पैसा नव्हता, हे पहिलेच विधान टिकत नाही. नोव्हेंबर 1955 मध्ये मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सचे मालक सॅम फिलिप्स यांनी गायक एल्व्हिस प्रेस्लीचा करार आरसीए व्हिक्टर या बलाढ्य कंपनीला 35,000 डॉलरना विकला. पुढच्याच वर्षी एल्व्हिसच्या नावाची लिपस्टिक दुकानांत आली. 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सना ऐकायला सुमारे 55,600 लोक आले आणि एका संध्याकाळचा गल्ला 3,04,000 डॉलर झाला. वुडस्टॉकला अजून चार वर्षे होती.

आता वुडस्टॉककडे वळू, कारण सगळा मजकूर त्याच खांबावर उभा आहे. या महोत्सवामागे वुडस्टॉक व्हेंचर्स नावाची रीतसर नोंदवलेली कंपनी होती. तिचे चार भागीदार होते: जॉन रॉबर्ट्स, जोएल रोझेनमन, मायकेल लँग आणि आर्टी कॉर्नफेल्ड. रॉबर्ट्स हा दंतनिगेच्या उत्पादनांवर श्रीमंत झालेल्या घराण्याचा वारस होता. त्याने आणि रोझेनमनने आपल्याकडे अमर्याद भांडवल असून ते गुंतवण्यासाठी चांगला धंदा हवा आहे, अशी जाहिरात वर्तमानपत्रात दिली होती, आणि पुढे 1974 साली या महोत्सवावर लिहिलेल्या पुस्तकाचे शीर्षकही त्यांनी त्याच जाहिरातीतून घेतले. ज्यांचा पैसा बुडाला त्यांनीच तो हिशेब त्या पुस्तकात मांडला आहे, त्यामुळे या बाबतीत त्याच्याइतका भक्कम आधार माझ्या पाहण्यात नाही.

तीन दिवसांचे तिकीट आगाऊ घेतल्यास 18 डॉलर आणि दारावर 24 डॉलर होते, आणि सुमारे 1,86,000 तिकिटे आधीच विकली गेली होती. ज्या वॉलकिल गावात महोत्सव ठरला होता, तेथील प्रशासनाने जुलैच्या मध्यावर परवानगी नाकारली. बेथेल येथे मॅक्स यासगर यांच्या दुग्धशाळेची जमीन मिळाली तेव्हा हाती जेमतेम महिना उरला होता. शेवटच्या दिवसांत वेळ आणि माणसे इतकी अपुरी पडली की, कुंपण आणि तिकीटघरे पूर्ण करायची की रंगमंच, यांतले एकच शक्य होते. रंगमंच नसता तर जमलेल्या गर्दीने काय केले असते, हे सांगायला नको. त्यामुळे रंगमंच उभा राहिला आणि कुंपण राहून गेले. लोक आत आल्यावर, आता हा कार्यक्रम विनामूल्य आहे, असे जाहीर करण्यावाचून आयोजकांपुढे पर्याय नव्हता. या नाइलाजाला आज औदार्य म्हणून मिरवले जाते, आणि ज्यांनी 18 डॉलर आधीच भरले होते त्या तिकीटधारकांचा उल्लेख कोणी करत नाही.

कलाकारांचेही तसेच. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचे मानधन 18,000 डॉलर होते, असे अनेक ठिकाणी नोंदलेले आहे. द हू आणि ग्रेटफुल डेड या दोन बँडनी, पैसे हाती पडल्याशिवाय रंगमंचावर जाणार नाही, असे शनिवारी रात्री बजावले. तेव्हा स्थानिक बँकेच्या अधिकाऱ्याला अपरात्री बँक उघडायला लावून धनादेश आणावे लागले, ही हकिकत त्या पुस्तकात आहे. यात मला काहीही गैर वाटत नाही. ठरलेली बिदागी वाजवण्याआधी मागणे हा कलाकाराचा हक्क आहे. महोत्सव संपला तेव्हा आयोजकांच्या डोक्यावर दहा लाख डॉलरहून अधिक कर्ज होते आणि ते फिटायला सुमारे दहा वर्षे लागली. दुसरीकडे, 1970 साली आलेल्या त्याच महोत्सवाच्या चित्रपटाने वॉर्नर ब्रदर्सला मोठी कमाई करून दिली.

मजकुरात सत्याचा एक अंश आहे, तो नाइलाजाने मान्य करतो. जून 1967 मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या माँटेरी महोत्सवात बहुतेक सर्वांनी खरोखरच बिदागी न घेता कला सादर केली. अपवाद होता तो नेमका पंडित रविशंकरांचा: त्यांचा करार आधीच झालेला असल्याने त्यांना 3,000 डॉलर मिळाले, आणि त्या दुपारच्या दीर्घ वादनासाठी ते योग्यच होते. त्याच महोत्सवात कोलंबिया रेकॉर्ड्सचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांनी गायिका जॅनिस जॉप्लिनला ऐकले आणि पुढे तिच्या बँडला आपल्या कंपनीत आणले.

एमटीव्हीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ही वाहिनी 1 ऑगस्ट 1981 रोजी सुरू झाली. तोवर सगळे होऊन गेले होते. वाहनतळ आणि अंत्यसंस्कार सेवा हे ज्यांचे मूळ व्यवसाय होते, त्या किनी कंपनीने वॉर्नर आणि तिच्यासोबत अटलांटिक रेकॉर्ड्स 1969 सालीच विकत घेतले होते. दहा लाख प्रती खपलेल्या अल्बमसाठीचा प्लॅटिनम सन्मान 1976 साली सुरू झाला, कारण 1958 पासूनचा सुवर्ण सन्मान आता पुरेसा वाटत नव्हता. एमटीव्हीने दिसण्याला महत्त्व आणले हे खरे, पण धंदा तिने जन्माला घातला नाही.

राहिले शेवटचे विधान, आणि सर्वांत घातक तेच आहे. पैशाकडे न पाहणाऱ्या कलाकारांचे पैसे आकाशात विरत नाहीत, ते दुसऱ्याच्या खिशात जातात. बीटल्सच्या नावाच्या वस्तू अमेरिकेत विकण्याचा परवाना दिला गेला, तेव्हा त्यांचे व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांच्या बाजूने झालेल्या करारानुसार 90 टक्के वाटा परवाना घेणाऱ्या कंपनीला आणि 10 टक्के बीटल्सच्या बाजूला जाणार होता. रॉकचा आद्य गायक-गिटारवादक चक बेरी याची गोष्ट याहून कडू आहे. 1955 साली चेस रेकॉर्ड्सने त्याचे ‘मेबेलीन’ हे गाणे प्रसिद्ध केले, तेव्हा रचनाकार म्हणून त्याच्या नावाशेजारी आणखी दोन नावे छापलेली होती: रेडिओ निवेदक अ‍ॅलन फ्रीड आणि चेसशी व्यावसायिक संबंध असलेला रस फ्रॅटो. गाण्याचा एक शब्दही या दोघांनी लिहिलेला नव्हता; फ्रीडने ते वारंवार वाजवावे म्हणून स्वामित्वधनाचा वाटा त्याला परस्पर दिला गेला होता. ती नावे 1986 साली निघाली. तोपर्यंत बेरीने स्वतःची रीत पक्की करून टाकली होती: गिटार घेऊन एकटे यायचे, साथीला गावातलाच बँड घ्यायचा आणि ठरलेली रक्कम रोख मोजून घेतल्याशिवाय रंगमंचावर पाऊल ठेवायचे नाही.