सोयाबीनमधलं न मरणारं तण: एका कॉमेंटला सविस्तर उत्तर

भाऊ, तुमची कॉमेंट नीट वाचली, चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून सविस्तरच लिहितोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की सोयाबीनमध्ये वर्षानुवर्षं एकाच गटाचं तणनाशक मारत राहिलो तर न मरणारं तण वावरात वाढत जातं. त्यावर भाऊंचं म्हणणं असं की औषध डुप्लिकेट असतं नाहीतर डोस कमी पडतो म्हणून तण मरत नाही, प्रतिकारक तण वगैरे अमेरिकेतल्या गोष्टी आहेत, निंदणाला बाया मिळत नाहीत आणि मी लोकांना परत खुरपं धरायला सांगतोय, आणि सरकारने एचटीबीटी (तणनाशक मारलं तरी न मरणारं कापसाचं बियाणं) मोकळं केलं की सगळा विषयच संपतो.

मजुरीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पेरणी सगळ्यांची एकाच आठवड्यात, निंदणही सगळ्यांचं एकदमच येतं, आणि मध्ये झड लागली की पंधरा दिवस वावरात पायच टाकता येत नाही. तणनाशक सोडा असं मी कुठेच म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. उलट ते हातात राहावं, पाच वर्षांनी पण त्याने तण मरावं, यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

आता डोस. यात तुमचं अर्धं बरोबर आहे. इमाझेथापायर हे सोयाबीनमधलं तणनाशक १० टक्क्याचं एकरी ४०० मिली आहे, म्हणून दुकानदार सांगतो पंपाला ४० मिली. हा हिशोब एकरी १० पंप पडतील तेव्हाचा आहे. पण घाईत, ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून आपण एकरात ६ पंपांतच मोकळे होतो, म्हणजे गेलं २४० मिली. त्यात नोझल कीटकनाशकाचं, आणि तण ३-४ पानांचं असताना मारायचं ते पाऊस उघडेपर्यंत वीतभर झालेलं. मग ते पिवळं पडतं, आठ दिवस थांबतं आणि परत फुटतं. तेव्हा पंपावर डोस ठरवू नका, एकरावर ठरवा, आणि आधी नुसतं पाणी मारून आपल्या चालीने एकरी किती पंप बसतात ते बघून घ्या.

पण डोस बरोबर ठेवला म्हणजे तण कधीच हाताबाहेर जाणार नाही, हे मात्र खरं नाही. औषध पिऊन पिऊन तण पक्कं होत नाही हो. वावरातल्या लाखो रोपांत एखादं रोप जन्मतःच असं असतं की ते औषध त्याला लागतच नाही. बाकी सगळी मेली की त्याला जागा, खत, ऊन सगळं मोकळं मिळतं आणि ते एकटं वावरभर बी टाकतं. पुढच्या वर्षी परत तेच औषध, परत त्याचीच पिलावळ शिल्लक. कमी डोसने हे लवकर होतं, कारण अर्धवट तग धरणारी रोपंही वाचतात आणि त्यांचं आपसात परागीभवन होऊन पुढची पिढी आणखी चिवट निघते. पूर्ण डोसने उशीर होतो, पण होतंच.

आणि हे अमेरिकेतलं नाही, आपल्याच देशातलं हरियाणाचं उदाहरण घ्या. तिथे गव्हात मंडूसी नावाचं तण आहे, गुल्ली डंडा पण म्हणतात, लहानपणी गव्हासारखंच दिसतं म्हणून निंदताना ओळखूही येत नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून त्यावर आयसोप्रोट्युरॉन नावाचं तणनाशक मारायचे, कित्येक जण तर ते रेतीत नाहीतर युरियात मिसळून हाताने फेकायचे, म्हणजे कुठे जास्त कुठे कमी. भात-गहू, भात-गहू हेच चक्र आणि औषध तेच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते चालेनासं झालं. तेव्हाही लोक दुकानदारालाच दोष देत असणार. पण हिसारच्या कृषी विद्यापीठाचे डॉ. आर. के. मलिक आणि डॉ. समुंदर सिंह यांनी चाचण्या घेऊन दाखवलं की औषध ठीक आहे, तण प्रतिकारक झालंय. काही शेतकऱ्यांना उभा गहू चारा म्हणून कापावा लागला. मग १९९७-९८ च्या सुमारास क्लोडिनाफॉप, फेनोक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन ही दुसरी तणनाशकं आली, काही वर्षं बरी गेली, आणि पुढे तीही जागोजागी फेल जायला लागली.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांच्या वावरात मध्येच ऊस किंवा बरसीम असायचं तिथे हा त्रास कमी होता. बरसीम चाऱ्यासाठी सारखं कापलं जातं ना, मग मंडूसीला बी धरायला वेळच मिळत नाही. मला जे सांगायचंय ते सगळं या एका गोष्टीत आहे: तण मेलं की नाही यापेक्षा वाचलेल्या तणाने बी टाकलं की नाही, हे बघायचं.

मग आपल्या वावरात तण का वाचलं हे कसं ओळखायचं? फवारणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी जाऊन बघा. पट्ट्याने तण राहिलं असेल तर पंप चुकलाय. सगळ्याच जातीचं तण अर्धवट जिवंत असेल तर डोस, पाणी, पाऊस किंवा तुम्ही म्हणता तसं औषध खराब. पण एकाच जातीचं, एकाच उंचीचं, एक झाड वाळून कोळसा झालंय आणि त्याला खेटून दुसरं टवटवीत उभं आहे, आणि असे ठिपके वावरभर दिसतात, तर मग डुप्लिकेट औषधाचा मुद्दा टिकत नाही, कारण औषध बोगस असतं तर शेजारचं का मेलं असतं? अशा झाडांचं बी धरून ठेवा, जिथे कधी फवारणी झाली नाही अशा धुऱ्यावरचं त्याच जातीचं बी घ्या, दोन्ही कुंड्यांत लावा आणि ३-४ पानांवर एकाच पंपाने पूर्ण डोस मारा. धुऱ्यावरचं मेलं आणि वावरातलं उभं राहिलं तर उत्तर मिळालं. वाटलं तर कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा.

औषध बदलायचं तर त्यातही मोठी गफलत होते. गेल्या वर्षी इमाझेथापायर मारलं म्हणून यंदा इमाझामॉक्सचं मिश्रण आणलं, पेरल्याबरोबर डायक्लोसुलाम मारलं, शेजाऱ्याने क्लोरीम्युरॉन सांगितलं. डबे चार, कंपन्या चार, आणि चारही औषधं तणाच्या एकाच एन्झाइमवर (तणाला जगायला लागणाऱ्या एका प्रथिनावर) घाव घालतात, म्हणजे चारही एकाच गटातली. तणाच्या दृष्टीने तुम्ही काहीच बदललं नाही. खरा बदल म्हणजे उगवणीपूर्व पेंडीमिथालिन किंवा सल्फेन्ट्राझोन, उगवणीनंतर रुंद पानाच्या तणावर फोमेसाफेनसारखं आणि गवतवर्गीय तणावर प्रोपाक्विझाफॉपसारखं वेगळ्या गटातलं काहीतरी. डब्यावरचं मोठ्या अक्षरातलं नाव बघू नका, खालचं बारीक अक्षरातलं कंटेंट, म्हणजे आत खरं औषध कोणतं आहे ते वाचा आणि दरवर्षी वहीत लिहून ठेवा. त्याच्या जोडीला वाफसा मिळाला की डवरणी, तिला कुठलंही तण प्रतिकारक होत नाही, आणि एखाद्या वर्षी त्या वावरात ज्वारी किंवा मका. ज्वारीला रानडुकरं आणि पाखरं ठेवत नाहीत हे मलाही माहीत आहे, म्हणून सगळ्यांनी घ्या असं म्हणत नाही, पण जिथे जमतं तिथे घ्याच.

आणि खुरप्याचं म्हणाल तर मी पूर्ण निंदण सांगितलंच नाही. फवारून जे वाचलं तेवढंच फुलावर यायच्या आत उपटायचं, तेही मुळासकट, आणि धुऱ्यावर न टाकता वावराबाहेर नेऊन जाळायचं. केना असेल तर जास्तच जपा, कारण तुटलेल्या कांडीला मुळं फुटतात आणि तो जमिनीखालीसुद्धा बी धरतो. पहिल्या वर्षी हे घरच्या माणसांत होतं, चौथ्या वर्षी होत नाही. हार्वेस्टर दुसऱ्याच्या वावरातून येत असेल तर आत घालायच्या आधी झाडून घ्या, आणि तणाचं बी असलेलं कुटार न कुजवता परत वावरात टाकू नका. ऑस्ट्रेलियात तर रायग्रास नावाच्या तणाने इतका पिच्छा पुरवला की रे हॅरिंग्टन नावाच्या शेतकऱ्याने कापणीच्या वेळीच भुशातलं तणाचं बी भरडून टाकणारं यंत्र बनवलं. तिथेही औषधांची कमी नव्हती, तरी शेवटी बियाच्याच मागे लागावं लागलं.

राहिलं एचटीबीटी. त्याला मान्यता नाही, पक्कं बिल मिळत नाही, बी खोटं निघालं तर दाद मागायला जागा नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून आंदोलन केलं त्यामागची तगमग मला समजते. पण ते उद्या मोकळं झालं तरी तणाचा विषय संपत नाही, आणि हे अमेरिकेच्याच अनुभवावरून सांगतो. तिथे ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारा कापूस १९९७ ला आला, आणि २००५ च्या सुमारास जॉर्जिया राज्यात पामर अमरॅन्थ, म्हणजे आपल्या काटेमाठाचाच भाऊबंद, ग्लायफोसेटला दाद देईना. एकेक मादी झाड लाखांत बी टाकतं. ज्या एन्झाइमवर ग्लायफोसेट घाव घालतं त्याच्या जनुकाच्या प्रती काही झाडांत शंभराच्या वर निघाल्या, म्हणजे किती मारणार? तिथल्या मोठ्या मोठ्या शेतकऱ्यांना कापसात माणसं घालून हाताने तण उपटावं लागलं. आणि त्याच जॉर्जियात त्याच काळात आणखी एका तणाने उच्छाद मांडला, तो म्हणजे आपला केना! त्याला ग्लायफोसेट मुळातच फारसं लागत नाही, बाकी तण मेलं आणि त्याला रान मोकळं झालं. आपल्याकडे केना आधीच घराघरात आहे, विचार करा.

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे गेल्या दोन हंगामांपासून कुंजरू आणि केना मरत नाही. मागच्या तीन-चार वर्षांत त्या वावरात काय काय मारलं त्याचे कंटेंट पाठवा, ब्रँड नको, आणि एकरी किती पंप गेले तेही लिहा. कुंजरूचं बी पडायच्या आत फोटो काढता आला तर फार बरं, मेलेलं आणि जिवंत झाड एकाच फोटोत दिसू द्या.