चुन्याचा गिलावा पाडण्याआधी एवढं वाचा

पावसाळा तोंडावर आला की व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो. "जुन्या घरांना ओल येते, पोपडे सुटतात, कारण चुन्याचा गिलावा कच्चा. तो सगळा पाडा, सिमेंटचा पक्का गिलावा करा, वरून वॉटरप्रूफ रंग द्या. गूळ-अंडी घातलेला जुना चुना तसाही आता कोणाला जमत नाही." यंदा तो आमच्या भावकीच्या ग्रुपवर आला आणि खाली तिघांनी "करून टाकू" म्हटलं. तिघांचीही घरं शंभरी ओलांडलेली आहेत, म्हणून हे लिहितोय.

ओल गिलाव्यामुळे येते, हे पहिलं म्हणणंच चूक आहे. ओल येते पाण्यामुळे. पाणी सरकलेल्या कौलातून, फुटक्या पन्हळीतून, नाहीतर जमिनीतून वर चढतं. वाड्याची भिंत म्हणजे खाली दगडी जोतं, वर विटा किंवा पांढरी माती, मध्ये लाकडी खांब. जमिनीची ओल अडवणारा थर तिच्यात नसतोच. थोडी ओल ती कायम ओढत आली आहे आणि चुन्याच्या बारीक छिद्रांतून ती वाळतही आली आहे. पाण्याबरोबर वर आलेले क्षार पृष्ठभागावर साठतात, त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. तिथे चुना भुसभुशीत होतो आणि गळतो, पण आतली वीट वाचते. गळलेला गिलावा तेवढ्यापुरता पुन्हा करायचा असतो. आजोबांच्या पिढीला हे ठाऊक होतं, म्हणून पावसानंतरची डागडुजी आणि दिवाळीआधीचा चुना कधी चुकत नसे.

आता 'पक्का' या शब्दाकडे येतो, कारण सगळी फसगत तिथे होते. सिमेंटचा गिलावा कडक असतो, हे खरं. पण मागची भिंत मऊ आहे, ऊन-पावसात किंचित हलणारी आहे. कडक कवच तिच्याबरोबर हलत नाही, त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून पावसाचं पाणी आत शिरतं, पण बाहेर पडायला वाट सापडत नाही. मग ते भिंतीतच वर सरकतं.

आमच्या वाईच्या घरात मागच्या खोलीला असा गिलावा करून घेतला होता. पूर्वी गुडघ्यापर्यंत असलेली ओल चार पावसाळ्यांत छातीपर्यंत चढली. शेवटी गिलाव्याच्या लाद्याच्या लाद्या सुटल्या, त्यांच्या पाठीला विटांचे पापुद्रे चिकटलेले. आतला सागवानी खांब बुडाशी बोटाने उकरता येत होता. तो खांब मला आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या रांचोस दे ताओस इथे सान फ्रान्सिस्को दे आसिस हे कच्च्या विटांचं जुनं चर्च आहे. १९६७ साली त्याला सिमेंटचा गिलावा केला. आत पाणी कोंडून भिंती खराब होऊ लागल्या, आणि १९७९ मध्ये तो काढून पुन्हा मातीचा लेप दिला. तो लेप गावकरी आजही स्वतः नव्याने देतात.

वॉटरप्रूफ रंगाचं उत्तर थोडक्यात: पाणी आतून येतंय आणि तुम्ही बाहेरून दार लावताय. फुगे येतीलच.

राहिली गूळ-अंड्यांची गोष्ट. गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी चुन्यात घालत, त्याचा उपयोगही होतो. पण गिलावा टिकतो तो पाण्यात नीट विरलेल्या चुनकळीमुळे (म्हणजे भाजलेल्या चुनखडीच्या खड्यांमुळे), स्वच्छ चाळलेल्या वाळूमुळे आणि सावकाश वाळण्यामुळे. साधारण एक भाग चुना, तीन भाग वाळू. ओलसर जागी थोडी विटेची पूड. अर्ध्या इंचापेक्षा जाड थर नको, पहिला घट्ट झाल्याशिवाय दुसरा नको, आणि उन्हापासून ओल्या गोणपाटाचा आडोसा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो, त्याला घाई चालत नाही. चुनकळी विरताना पाणी उकळतं, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच. दुकानात वर्षभर उघडी पडलेली चुन्याची पिशवी मात्र घेऊ नका, तिच्यातला जोर गेलेला असतो.

वेळ जास्त लागतो आणि मजुरीही वाढते, हे मान्य. पण सगळा गिलावा पाडायचा नसतोच. बोटाच्या पेराने भिंत ठोकत जा, जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने खूण करा. आमच्या दर्शनी भिंतीवर अशा खुणांत जेमतेम दोन चटयांएवढी जागा आली. तेवढीच काढायची, कडा सरळ कापायच्या, धूळ झाडून भिंत भिजवायची आणि मग चुना. पण त्याआधी पन्हळ आणि कौलं. आणि जोत्याला लागून अंगणात काँक्रीट ओतलं असेल तर हातभर पट्टा फोडून माती मोकळी करा. ही तीन कामं पावसाआधी उरका, गिलाव्याला दसऱ्यानंतर हात घाला.