आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही

सर्वप्रथम अभिनंदन! तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी पदाचा प्रभार तुमच्याकडे आला. मूळ पद तुमचं शिक्षण विस्तार अधिकाऱ्याचं. शेजारचं बीट, म्हणजे शाळांच्या काही केंद्रांचा गट, रिकामं म्हणून त्याचा अतिरिक्त कार्यभार होताच, शिवाय दोन केंद्रांना केंद्रप्रमुख नाहीत म्हणून तीही तुमच्याच गळ्यात. थोडक्यात, आजपासून पाच खुर्च्या आणि बसणारे तुम्ही एकटे. घाबरू नका. पत्रव्यवहार किती सोपा झाला ते बघा. विस्तार अधिकारी म्हणून तुम्ही पाठवलेला अहवाल गटशिक्षणाधिकारी म्हणून तुम्हालाच मिळेल. तो उशिरा आला तर स्वतःला बेधडक कारणे दाखवा नोटीस काढा. खुलासा समाधानकारक असणार हे आधीच ठाऊक असण्याचं सुख फार थोड्या अधिकाऱ्यांच्या वाट्याला येतं.

मात्र खुर्चीत टेकण्याआधी शिक्का करून घ्या. त्यात 'प्रभारी' हा शब्द बारीक असावा, पण असावाच. उद्या काही अंगाशी आलंच, तर त्या तीन अक्षरांआड अख्खा माणूस लपतो.

रिक्त पदांबद्दल कोणी पत्रकार विचारायला आला तर त्याला शिक्षणहक्क कायदा वाचून दाखवा. कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याचं कलम 26 म्हणतं की शाळेत शिक्षकांची मंजूर पदांच्या 10 टक्क्यांहून जास्त पदं रिक्त राहता कामा नयेत. शाळा तपासणाऱ्यांच्या रिकाम्या खुर्च्यांबद्दल मात्र ते कलम अवाक्षर काढत नाही. तेव्हा तुमच्या कार्यालयात निम्मी टेबलं धूळ खात असली तरी कायद्याचा भंग झालेला नाही, हे त्याला नम्रपणे सांगा आणि चहा पाजा.

आता तुमचं खरं काम. ते एका ओळीत मावतं: 'आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही करावी.' ही ओळ पाठ करा, जमल्यास तिचाही शिक्का करून घ्या. मंत्रालयातून पत्र निघतं ते पुण्याला आयुक्त कार्यालयात येतं. तिथून संचालक, मग विभागीय उपसंचालक, मग जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी, आणि मग तुम्ही. प्रत्येक जण वर एक पान जोडतो, 'सोबतच्या पत्राचे अवलोकन व्हावे' असं लिहितो आणि मुदतीतले दोन-चार दिवस स्वतःसाठी ठेवून घेतो. मूळ पत्रात पंधरा दिवस असतात. तुमच्या व्हॉट्सॲपवर ते दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी उतरतं, तेव्हा 'आज 5 वाजेपर्यंत, अत्यंत तातडीचे' एवढंच उरलेलं असतं. तुम्ही अवलोकन करण्याच्या भानगडीत पडू नका. केंद्राच्या ग्रुपवर ढकला. खाली अंगठे येऊ लागले की तुमच्या स्तरावरची उचित कार्यवाही पार पडली.

पंचाईत होते ती फक्त मुख्याध्यापकाची. त्याच्याखाली स्तरच नाही. शाळा द्विशिक्षकी. दुसरे गुरुजी मतदार यादीच्या कामाला गेलेले. कलम 27 प्रमाणे शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं सांगता येतात, पण निवडणूक हा शब्द आपल्याकडे रबरासारखा ताणतो. मग चार वाजून वीस मिनिटांनी हा गडी चौथीतल्या एका चुणचुणीत मुलीला म्हणतो, "पहिली-दुसरीला पाढे म्हणायला लाव गं, मी जरा माहिती भरतो." ती उठते, पट्टी हातात घेते आणि बे एके बे सुरू करते. मंत्रालयातून निघालेल्या उचित कार्यवाहीपैकी एवढीच मी डोळ्यांनी पाहिली आहे.

पैशाकडे वळू. शाळांना पैसा मिळत नाही, ही अफवा आहे. कोठारी आयोगाने 1966 साली शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च व्हावा असं सुचवलं, आणि 2020 च्या राष्ट्रीय धोरणातही आकडा 6 टक्केच आहे. एखादी गोष्ट अर्धशतकाहून जास्त काळ इतकी जशीच्या तशी टिकवणं आपल्या शाळांच्या एकाही भिंतीला जमलेलं नाही. देखभाल म्हणतात ती हीच.

'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट तीसच्या आत असेल तर वर्षाला 10,000 रुपये, शंभरपर्यंत 25,000, आणि पुढे पटानुसार चढत जात लाखापर्यंत. तीसच्या आतल्या शाळेच्या वाट्याला महिन्याला 833 रुपये 33 पैसे आले. त्यात खडू, रजिस्टरं, वीजबिल, नळाची तोटी, दाराची कडी, रंगरंगोटी आणि इंटरनेट. आणि किमान 10 टक्के स्वच्छतेवर घालायचे आहेत हे विसरू नका. 33 पैशांचं काय करायचं याचं मार्गदर्शन अजून आलेलं नाही.

हे पैसे कधी येतात? पूर्वी ते शाळेच्या खात्यात येत. आता पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन पैसेवाटप प्रणालीवर नुसती 'लिमिट', म्हणजे खर्चाची मुभा, दिसते. ती जूनमध्ये दिसली तर मुख्याध्यापक ती खर्च करून टाकतील, हा धोका ओळखून शहाणी माणसं ती वर्षाच्या शेपटाला सोडतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लिमिट पडते, सर्व्हर झोपतो, आणि 31 तारखेच्या रात्री तालुक्यातले झाडून सगळे मुख्याध्यापक एका सायबर कॅफेत भेटतात. खर्च न झालेला पैसा परत जातो. मग तुम्ही बैठकीत टेबलावर पेन आपटून विचारायचं, "निधी अखर्चित का राहिला?" या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणूनच तो विचारायला बरा.

एक पथ्य मात्र पाळा. उपयोगिता प्रमाणपत्र खर्चाच्या आधी मागून घ्या. खर्च झाला की प्रमाणपत्र लिहायला माणूस कंटाळतो. आधी लिहिलं तर निदान कागद तरी वेळेवर वर जातो. आणि कुठे पैसा पुरलाच नाही, तर आपल्या भाषेने त्यासाठी एक सुरेख शब्द तयार ठेवलाय: लोकसहभाग. मास्तरांनी खिशातून वीजबिल भरलं, लोकसहभाग. सरपंचाने ट्रॅक्टरभर मुरूम टाकला, लोकसहभाग. पोराच्या बापाने पत्रा ठोकला, तोही लोकसहभाग. वर्षाअखेर याचं सादरीकरण करा, पुरस्कार तुमचाच.

इमारतीचा विषय मात्र जरा नाजूक, इथे सावध राहा. कायद्याच्या परिशिष्टात सगळं लिहिलेलं आहे: बारमाही टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. यातलं काय आहे आणि काय नाही ते यू-डायस या शाळांच्या देशभरातल्या माहितीकोशात भरायचं असतं. शाळेचा अकरा आकडी यू-डायस क्रमांक कधी गळत नाही, त्याला तडे जात नाहीत. शाळेचा सगळ्यात मजबूत भाग तोच.

समजा, एखाद्या शाळेत खोली क्रमांक तीन पडायला आली आहे. सळ्या बाहेर आल्यात, छताच्या मधोमध बाभळीचा टेकू. मुख्याध्यापक तुमच्याकडे येईल आणि म्हणेल, "साहेब, पाडून टाकू का?" चुकूनही हो म्हणू नका. शासकीय इमारत पाडता येत नाही, तिचं निर्लेखन करावं लागतं, म्हणजे ती रीतसर नोंदीतून उतरवावी लागते. आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. या समितीत कायद्याने 75 टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. त्या बिचाऱ्या रोजगार बुडवून येतात आणि दाखवाल तिथे सही करतात. मग ग्रामपंचायतीचा ठराव. मग बांधकामचे अभियंते पाहणीला येणार, पण त्यांच्याही दोन खुर्च्या रिकाम्या, उरलेला एक जण दुसऱ्या तालुक्याच्या प्रभारात. मग मूल्यांकन, मग जिल्हा परिषदेची मंजुरी, मग लिलाव. फाइलला त्रुटी लागून ती परत येते. एकदा एक फाइल 'खोलीचा सध्याचा फोटो जोडलेला नाही' या शेऱ्यानिशी परत आली. फोटो होता. पण तो जोडल्यापासून आणखी एक कोपरा पडलेला असल्यामुळे तो सध्याचा राहिला नव्हता.

फोटो जिओ-टॅग असावा, हे वेगळं सांगायला नको. मुलं ओळीने उभी करायची, मागे ती भिंत. अक्षांश-रेखांशाची काळी पट्टी नेमकी पहिल्या रांगेतल्या पोरांच्या तोंडावर येते, तेवढं चालतं. जागा बरोबर असल्याशी मतलब.

आणि दार बंद करून त्यावर खडूने 'धोकादायक' लिहा. ते तेवढं खरोखरच लिहा. ऑगस्ट 2017 मध्ये नगर जिल्ह्यात निंबोडीच्या शाळेचं छत मुलांवर कोसळलं, तीन मुलं गेली. जुलै 2025 मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत सात. त्यानंतर केंद्राने लगोलग सगळ्या राज्यांना शाळा इमारतींचं सुरक्षा ऑडिट करायला सांगितलं. अशा वेळी वरून नमुना येतो, रकाने असतात, आपण भरतो. 'निरंक' लिहिण्याचा मोह होईल, कारण निरंक लिहिलेल्या कागदाला कोणी उलट प्रश्न विचारत नाही. त्या एका रकान्यात तो टाळा. बाकी सगळीकडे माझी हरकत नाही.

मुलं खरंच आहेत का, हेही शासन अधूनमधून पाहतं. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. एकच पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली होती. पटावरची लाखो मुलं शाई लावून घ्यायला आलीच नाहीत. त्यातून आपण धडा घेतला आणि सगळं ऑनलाइन केलं: मुलांच्या नोंदींना सरल आलं, आधार जोडणी आली, शिक्षक भरतीला पवित्र पोर्टल आलं, पगाराला शालार्थ. ऑनलाइनमध्ये खोटेपणाला जागाच नाही. मग 2025 मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीला आलं. पूर्वी मुलं कागदावर असायची, आता गुरुजीसुद्धा. पट आणि शिक्षक यांचं प्रमाण अशा रीतीने राखलं गेलं असेल, तर त्यात वाईट काय, ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

शाळाभेटीला जायचंच असेल तर जा, हट्ट नाही. गाडीचा प्रश्न येईल. गाडी मंजूर असते, चालकाचं पद रिक्त असतं. गेलात तर लाल पेन न्या. शेरेबहीत काय लिहावं? 'गुणवत्तेकडे लक्ष द्यावे.' याने कोणाचंच नुकसान झालेलं नाही. पीआरसी येणार असं कळलं, तर मात्र शेरे बाजूला ठेवून चुना आणा. विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात उतरली की जिल्हा परिषदेच्या शाळांना जी कळा येते, ती दिवाळीतही येत नाही. झाडांची बुडं गेरूने रंगतात, तक्ते नवे होतात, आणि खोली क्रमांक तीनपुढे एक मोठी शोभिवंत कुंडी ठेवली जाते.

शेवटची गोष्ट लेखापरीक्षणाची. ती नेमकी तुमच्याच काळात निघेल, कारण आधीचे साहेब बदलून गेलेले असतील. एका शाळेत, कुठली ते विचारू नका, खोली क्रमांक दोनही गळायला लागली. मुख्याध्यापकाने एक बादली आणली आणि गळतीखाली ठेवली. नव्वद रुपयांची हिरवी प्लास्टिकची बादली, पावतीसह. आक्षेप निघाला: सदर बादली जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत नोंदलेली नाही, ती कोणत्या शीर्षाखाली खरेदी केली, आणि शैक्षणिक प्रयोजन काय? छताबद्दल आक्षेप नव्हता. छतावर खर्चच झालेला नव्हता, मग आक्षेप कशाला निघेल?

मुख्याध्यापक अनुपालन, म्हणजे आक्षेपाचं उत्तर, घेऊन माझ्याकडे आला होता, तीनदा खोडलेलं. तेव्हा प्रभार माझ्याकडे होता. मी त्याला लिहून दिलं: 'सदर बादलीत साचणारे पाणी शालेय परसबागेतील झाडांना घातले जाते, सबब खर्च परसबागेच्या शीर्षात ग्राह्य धरावा.' आक्षेप वगळण्यात आला. वर एक ओळ आली, इतर शाळांनीही असे उपक्रम राबवावेत, तरी आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही करावी. मी ती सगळ्या ग्रुपांवर टाकली.

आता तुमच्या तालुक्यात पावसाळ्यात बहुतेक शाळांत बादल्या दिसतील. खोली क्रमांक दोनमध्ये ती चौथीतली मुलगी असते ना, पाढे घेणारी, ती बादली भरत आली की पाढा न थांबवता पायाने बाजूला सारते आणि दुसरी लावते.